दिनविशेष : २४ फेब्रुवारी १९८१ – डायनाच्या बोटातला नीलम

ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि १९ वर्षांच्या लेडी डायना स्पेन्सर यांचा वाङ्‌निश्चय १९८१ मध्ये आजच्याच दिवशी जाहीर झाला. बकिंगहॅम राजवाड्याच्या हिरवळीवर छायाचित्रकारांच्या नजरा खिळल्या त्या डायनाच्या अंगठीवर. मधोमध १२ कॅरेटचा लंबगोल सिलोनी नीलम, भोवती १४ हिऱ्यांचे कडे आणि १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याचे कोंदण. प्रिन्स अल्बर्टने १८४० मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी राणी व्हिक्टोरियाला दिलेला नीलमाचा ब्रोचही याच धाटणीचा होता.

अंगठी लंडनच्या ‘गॅरार्ड’ या पेढीची. जॉर्ज विक्स या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने १७३५ मध्ये थाटलेली ही पेढी १८०२ मध्ये रॉबर्ट गॅरार्ड यांच्याकडे आली. १८४३ मध्ये व्हिक्टोरियाने तिला राजघराण्याचे जवाहिरे नेमले. तो मान २००७ पर्यंत टिकला. लाहोरहून नेलेल्या कोहिनूरला १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडले गेले, तेही याच पेढीच्या देखरेखीखाली. त्यात १९१ कॅरेटचा हिरा जेमतेम १०६ कॅरेटचा उरला.

राजवधूची ही अंगठी मात्र खास घडवून घेतलेली नव्हती. ती पेढीच्या कॅटलॉगमधली, पैसे मोजील त्या कुणालाही मिळणारी होती. तिच्या नकलांनी पुढे जगभरच्या बाजारपेठा भरल्या. डायनाचे १९९७ मध्ये निधन झाले. २०१० मध्ये केनियात प्रिन्स विल्यमने केट मिडलटनला लग्नाची मागणी घातली, ती आईची हीच अंगठी देऊन.