उड्डियान बंध

हठयोगातील तीन मुख्य बंधांपैकी एक. मूलबंध आणि जालंधर बंध हे इतर दोन. श्वास पूर्ण सोडल्यावर पोट आत व वर, बरगड्यांखाली खेचले जाणे हे त्याचे दृश्य लक्षण.

शिकताना तो उभ्याने करतात. पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर रोवून श्वास पूर्ण सोडायचा. मग कंठ बंद ठेवून, हवा आत न घेता, श्वास घेतल्याप्रमाणे छाती फुगवायची. छातीतील दाब उतरतो, श्वासपटल वर चढते आणि पोटाची सैल भिंत मागे जाऊन खोल खळगा पडतो. बहुतेक नवशिके इथेच चुकतात : पोट आवळून आत घेतात. आवळलेल्या पोटाने हा बंध लागत नाही. बंध सोडताना आधी छाती सैल करावी, मग सावकाश श्वास घ्यावा. श्वासासाठी धाप लागली, तर बंध फार वेळ धरला असे समजावे.

या बंधाने प्राण सुषुम्नेत (मधल्या नाडीत) वर चढतो, अशी हठयोगाची धारणा आहे. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत (१५ वे शतक) दहा मुद्रांमध्ये त्याची गणना होते. प्राणायामात मात्र तो कुंभकाच्या (श्वास रोखण्याच्या) अखेरीस, रेचकाच्या (श्वास सोडण्याच्या) आरंभी करावा, असे हा ग्रंथ सांगतो. आज रूढ असलेला, श्वास सोडून झाल्यावरचा प्रकार त्याहून वेगळा आहे. प्रशिक्षणवर्गांत हा भेद सहसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा. मराठीत ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनाआधी तिन्ही बंध येतात.

स्वामी कुवलयानंदांनी (१८८३–१९६६) हा विषय प्रयोगशाळेत नेला. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केले आणि उड्डियान व नौली (पोटाचे मधले स्नायू पुढे काढून फिरवण्याची क्रिया) यांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. बस्तीत (गुदमार्गे पाणी ओढून आतडे धुण्याच्या क्रियेत) पाणी वर चढते ते यामुळेच. या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. नौली शिकण्यापूर्वी उड्डियान पक्का व्हावा लागतो.

हा अभ्यास रिकाम्या पोटीच करावा. गरोदरपण, उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटातील व्रण किंवा काचबिंदू असल्यास तो करू नये.