वाकडी वाट करून वर

नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं. घाटात मात्र नाकासमोर चालणारा कड्यापाशी जाऊन थांबतो. सह्याद्रीतल्या गुराख्याला, बैलगाडीवाल्याला, डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्या पायवाटा डोंगराला आडव्या जातात, वळतात, पुन्हा आडव्या जातात. रेल्वेला मात्र हे शिकावं लागलं. आपल्या बोरघाटात ती ते कशी शिकली, त्याची ही कुळकथा.

नकाशावर खोपोली आणि खंडाळा शोधा. दोघांमधलं हवाई अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. खोपोली कड्याच्या पायथ्याशी आणि खंडाळा माथ्यावर. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५६ साली खोपोलीला पोचली. १८५८ साली पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. पुढची पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळा गाठत. तिथे दुसरी गाडी उभी असे.

मग रूळ खोपोलीहूनच सरळ वर का नेले नाहीत? याचं उत्तर चाकात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. सपाटीवर याच गुणामुळे एक इंजिन शेकडो टन ओढतं. चढावर तोच गुण अंगाशी येतो, चाक जागच्या जागी गरगरतं. खोपोलीहून सरळ चढायचं तर दहा-एक फुटांमागे फूटभर चढ पडला असता. बोरघाटासाठी ठरलेला सर्वांत कडक चढ होता सदतीस फुटांमागे एक फूट. एकूण उंची १८३१ फूट. आता गुणाकार करा. सगळा मार्ग या सर्वांत कडक चढानं नेला तरी तेरा मैलांच्या आसपास लांबी लागते. प्रत्यक्षात ती जवळजवळ सोळा मैल झाली. चार-पाच किलोमीटरच्या अंतरात सोळा मैल बसवायचे, हा खरा प्रश्न होता.

कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी तो सोडवला तो वाकडी वाट करून. घाटाची लाईन खोपोलीहून निघालीच नाही. ती अलीकडे पळसदरीला फुटली आणि उल्हास नदीच्या खोऱ्याच्या अंगानं डोंगराच्या एका लांब सोंडेवर चढू लागली. जिथे रेल्वे सगळ्यांत आधी पोचली ती खोपोली फाट्याच्या टोकाला राहिली, आजही आहे. मुख्य गाडी दूरच्या वाटेनं गेली, कारण त्या दूरच्या वाटेवरच उंची मिळणार होती.

पण सोंडसुद्धा कुठेतरी संपते. नागफणीच्या सुळक्याच्या खालच्या अंगाला अरुंद माथ्यावर रूळ पोचले आणि पुढे दरी. गाडीला मोठं वळण घ्यायला जागा नाही. तिथे आलं ते रिव्हर्सिंग स्टेशन. वर येणारी गाडी तिथे थेट टोकापर्यंत जाऊन उभी राही. इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं. मग शेवटचा डबा पहिला व्हायचा आणि गाडी आली त्याच बाजूला तोंड करून, शेजारच्या चढत्या रुळांवरून खंडाळ्याकडे निघायची. इंजिनाकडे तोंड करून बसलेल्या प्रवाशाची आता इंजिनाकडे पाठ झालेली असे. गाडी मागे चालली असं त्याला वाटत असेल, पण ती वर चाललेली असे.

ही एवढी वळणं खोदली कुणी? काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं. पावसाळ्यात ते जवळजवळ ठप्प होई. उभ्या कड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती तिथे माणसं दोरानं खाली सोडत. दोराला लोंबकळत ती दगडाला भोकं पाडायची आणि सुरुंग भरायची. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजूर खवळून उठले आणि पुढे पहिल्या कंत्राटदाराच्या हातून काम गेलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही, माहीतगार इंजिनिअर हाताशी धरून ते तडीला नेलं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात बेचाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकी आणि तापानं हजारो गेली. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधून १८६३ साली घाट खुला झाला. बर्कली तो पाहायला राहिले नव्हते, ते आदल्याच वर्षी वारले. कंत्राटदाराचं आणि इंजिनिअरचं नाव इतिहासात राहिलं. दोराला लोंबकळलेल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, ही या कथेतली मला सगळ्यांत बोचणारी गोष्ट.

याच कुळातली भावंडं जगभर आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाजवळ १८५४ सालीच रूळ घोड्याच्या नालेसारखे वळवून दरीच्या एका काठानं आत नि दुसऱ्या काठानं बाहेर काढले होते. आपल्या थळघाटात, कसारा-इगतपुरीच्या चढावर, १८६५ साली दुसरं रिव्हर्सिंग आलं. ऑस्ट्रेलियात लिथगोला १८६९ साली गाडी नागमोडी पुढे-मागे करत डोंगर उतरू लागली. १८८१ साली सुरू झालेली दार्जिलिंगची छोटी गाडी आजही तेच करते, तिथे तर इंजिनही बदलत नाहीत, मधला टप्पा गाडी उलटीच चढते. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावर १८८२ साली डोंगराच्या पोटात गोल फिरणारे बोगदे काढले. वासेन गावचं चर्च तिथे खिडकीतून तीनदा दिसतं: आधी वर, मग समोर, मग खाली. गाडी जागच्या जागी फिरत नव्हती, हे चर्चच सांगतं. आणि १९०७ साली नेरळहून माथेरानला निघालेल्या आपल्या दोन फुटी रुळांनी एका ठिकाणी नालेच्या आकाराचं वळण घेतलं, ते मुद्दाम रिव्हर्सिंग टाळण्यासाठी.

बोरघाटातलं रिव्हर्सिंगही अखेर गेलं. गाड्या लांब झाल्या, विजेची इंजिनं आली आणि १९२९ साली नव्या बोगद्यांतून सलग मार्ग काढण्यात आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये डेक्कन क्वीन धावू लागली, तिला तिथे तोंड फिरवावं लागलं नाही. वळणं मात्र राहिली. कर्जतला अजून मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. ती लागेपर्यंत फलाटावर वडापाव घेऊन होतो. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल करत गाडी चढते आणि एखाद्या मोठ्या वळणावर दारातल्या माणसाला आपल्याच गाडीचं इंजिन समोरून दिसतं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी दंतकथा सांगतात. कागदोपत्री ती सिद्ध होवो न होवो, गाडीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. वाट कुणीतरी आधी पायांनी चालून पाहिलेली असते, हे ती कथा विसरू देत नाही.

मराठीत आपण जिवाभावाच्या माणसासाठी वाकडी वाट करतो. ठरलेला रस्ता सोडून, लांब पडलं तरी, त्याच्या दारापर्यंत जातो. घाट चढणारी गाडी डोंगरासाठी तेच करते. पुढच्या वेळी पळसदरी सोडल्यावर पुण्याची दिशा हरवल्यासारखी वाटली तर खिडकीतून खाली पाहावं. दरी खोल होत गेलेली असते.