भाडेकरू, सभासद, विकासक : उपनगरांतील म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाची कहाणी

१/ घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीची कन्नमवारनगर आणि टागोरनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, गोरेगावचे मोतीलालनगर. आज ही नावे रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते आहेत. मात्र त्यांच्यामागे शासनाने कष्टकऱ्यांसाठी बांधलेल्या घरांचा इतिहास आहे. या वसाहती आता पाडून नव्याने उभारल्या जात आहेत. तो निर्णय कोणी घ्यायचा, हा वाद मात्र शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

२/ १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर घरे उभारणे हे त्याचे काम. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. जे विस्थापित झाले, त्यांचे मत कोणी विचारले नव्हते.

३/ दुसरा मार्ग रहिवाशांनीच काढला. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिचे प्रणेते श्रीपाद सुब्राव तल्माकी. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःच स्वतःचे घरमालक व्हावे, ही तिच्यामागची कल्पना.

४/ महायुद्ध आणि फाळणीनंतर घरटंचाई भीषण झाली. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले. पुढे पंतप्रधानपदाची हंगामी सूत्रे सांभाळणारे गुलझारीलाल नंदा या मंडळाचे अध्यक्ष होते. १९५२ साली केंद्राने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानित योजना आखली. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली. मोकळी जमीन उपनगरांतच होती आणि वसाहतीही तिथेच उभ्या राहिल्या.

५/ त्यांच्या नावांत त्या काळाचे राजकारण उमटले आहे. डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी. मारोतराव कन्नमवार हे १९६३ साली पदावर असतानाच निवर्तलेले मुख्यमंत्री. एक-दोन खोल्यांचे गाळे, कमी उंचीच्या इमारती आणि त्यांच्यामध्ये सोडलेली ऐसपैस मैदाने असे या वसाहतींचे रूप होते. पुढे सारा संघर्ष याच मोकळ्या जागेभोवती फिरला.

६/ १९७६ च्या कायद्यानुसार १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आली आणि जुने मंडळ तिच्यात विलीन झाले. अनेक वसाहतींत भाडेकरूंना गाळे मालकी हक्काने मिळाले, इमारतींच्या सहकारी संस्था नोंदवल्या गेल्या. जमीन मात्र भाडेपट्ट्याने, म्हणजे मालकी म्हाडाचीच. घर सभासदाचे, इमारत संस्थेची, जमीन प्राधिकरणाची. या तिहेरी रचनेमुळे पुढे प्रत्येक पुनर्विकासाला तिन्ही पक्षांची गाठ पडणे अपरिहार्य झाले.

७/ खाऱ्या दमट हवेत लोखंडी सळ्या गंजल्या, छताचे पोपडे पडू लागले. कुटुंबे वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(५) या नियमाने म्हाडा वसाहतींना वाढीव चटईक्षेत्र दिले. गणित सोपे होते : जुन्या रहिवाशांना नवे घर विनामूल्य द्यायचे आणि खर्च जादा घरांच्या विक्रीतून काढायचा. त्या विक्रीसाठी विकासक आला.

८/ या गणिताची दुसरी बाजू गोरेगावच्या सिद्धार्थनगरने, म्हणजेच पत्राचाळीने पाहिली. २००८ साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. ६७२ कुटुंबांनी घरे रिकामी केली. पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या. २०१८ मध्ये म्हाडाने करार संपुष्टात आणला आणि २०२२ मध्ये रखडलेले काम स्वतः हाती घेतले. एक पिढी भाड्याच्या घरांत वाढली.

९/ कागदावर संमती होती, पण संमतीनंतर नियंत्रण नव्हते. हा धोका ओळखून शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले, २०१९ मध्ये ते सुधारले. विशेष सर्वसाधारण सभा, उपनिबंधकांचा प्रतिनिधी, सभेचे चित्रीकरण, निविदा सर्वांसमोर उघडणे, विकासकाकडून बँक हमी. नियम रुक्ष वाटतात, पण प्रत्येक नियमामागे कुणाची तरी फसवणूक उभी आहे.

१०/ पुढचा टप्पा स्वयंपुनर्विकासाचा. संस्थेनेच वास्तुविशारद नेमायचा, म्हाडाकडून देकारपत्र घ्यायचे, कर्ज काढून कंत्राटदाराकडून बांधून घ्यायचे. नफा विकासकाऐवजी सभासदांच्या वाढीव जागेत उतरतो. म्हाडाचे माजी अध्यक्ष, वास्तुविशारद चंद्रशेखर प्रभू यांनी या कल्पनेचा सातत्याने प्रचार केला. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जाचा मार्ग उघडला. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने सवलती दिल्या. मात्र जोखीमही सभासदांचीच : परवानगी लांबली की व्याज वाढते, भाडे वाढते आणि सभेत आवाजही वाढतात.

११/ हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात १९६९ च्या सुमारास बायकर या कामगार वस्तीची पुनर्रचना करताना वास्तुविशारद राल्फ अर्स्किन यांनी वस्तीतल्याच एका बंद पडलेल्या अंत्यविधीच्या दुकानात कार्यालय थाटले. रहिवासी येत, नकाशे पाहत, सूचना करत. प्रयोग जगभर गाजला. तरी पाडकाम इतके लांबले की मूळ रहिवाशांपैकी थोडेच तिथे परतले. सहभाग मिळाला तरी वेळेत घर मिळतेच असे नाही, हा बायकरचा धडा.

१२/ आज सर्वांत मोठी कसोटी मोतीलालनगरची आहे : सुमारे १४३ एकर जमीन, सुमारे ३,७०० घरे. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने म्हाडाला बांधकाम व विकास संस्था नेमण्याची मुभा दिली, जुलैमध्ये अदानी समूहाशी करार झाला. निवासी गाळेधारकांना १,६०० चौरस फुटांचे घर देण्याचे आश्वासन आहे. काही रहिवाशांनी या मार्गाला विरोध केला. छोट्या संस्थेच्या सभेत प्रत्येक सभासद उठून बोलू शकतो. एवढ्या मोठ्या वसाहतीत तो आवाज कोणत्या व्यवस्थेतून पोहोचणार, याचे उत्तर अजून घडायचे आहे.

१३/ इमारत पाडली जाते तेव्हा तिचे दप्तरही अनेकदा भंगारात जाते. मंडळाचे मूळ वाटपपत्र, भाडेपावत्या, भागपत्र, सभांची इतिवृत्ते. पुनर्विकासात पात्रता ठरते ती याच कागदांवर. कामगारांच्या मुंबईचा इतिहासही याच कागदांत आहे, आणि तो कोणत्याही सरकारी दप्तरात इतक्या तपशिलाने सापडणार नाही. ज्यांच्या आजोबांना असा गाळा मिळाला होता, त्यांच्या घरातील कपाटात तो अजून असू शकतो. ट्रक दाराशी येण्यापूर्वी ते कपाट उघडायला हवे.