बॅज आणि लांछन : एका इंग्रजी शब्दाच्या अर्थाचा इतिहास

ओळख पटविणाऱ्या चिन्हांसाठी इंग्रजीत जे अनेक शब्द आहेत, त्यांपैकी ‘बॅज’ हा मराठीतही रूढ झाला आहे. त्याचा अर्थ सामान्यतः ‘ओळखचिन्ह’ असा सांगितला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे. चिन्ह धारण करणारा कोण आहे यापेक्षा तो कोणाचा आहे, हे सांगणे हे बॅजचे मूळ कार्य होते, असे या शब्दाच्या इतिहासावरून दिसून येते.

शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. तो मध्ययुगीन इंग्रजीत आढळतो व त्याचा संबंध सरदारांच्या परिवाराशी येतो. ढालीवरील कुलचिन्ह आणि शिरस्त्राणावरील ‘क्रेस्ट’ ही सरदाराची स्वतःची चिन्हे असत. ती धारण करण्याचा अधिकार सेवकांना नसे. बॅजचा प्रकार याच्या उलट होता. धन्याने दिलेल्या वेशास ‘लिव्हरी’ म्हणत, आणि त्या वेशाबरोबर बॅज हा चाकरांच्या, सैनिकांच्या व आश्रितांच्या अंगावर दिसे. क्रेस्ट हा शब्द पुढे सैलपणे संपूर्ण कुलचिन्हास लावला जाऊ लागला, त्यामुळे हा भेद पुसट झाला.

दुसऱ्या रिचर्डचे चिन्ह शुभ्र हरिण हे होते. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या ‘विल्टन डिप्टिक’ या चित्रात देवदूतांच्या वस्त्रांवरही ते रंगविलेले आहे; जणू स्वर्गातील गणही राजाच्या पक्षाचे आहेत. तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह शुभ्र वराह. १४८३ साली यॉर्क येथे त्याच्या पुत्रास युवराजपदाची वस्त्रे देण्याच्या प्रसंगी फस्टियन नावाच्या भरड कापडाचे असे १३,००० बॅज मागविण्यात आले होते. चिन्ह किती विपुलतेने वाटले जाई, याची यावरून कल्पना येते.

या विपुलतेचा उपद्रवही झाला. सरदारांचे बॅज लावणारे लोक त्या बळावर आसपासच्या रयतेस नाडतात, अशी तक्रार १३८८ च्या केंब्रिज येथील पार्लमेंटमध्ये करण्यात आली. १३९० पासून १५०४ पर्यंत वेश व चिन्हे वाटण्यावर निर्बंध घालणारे अनेक कायदे झाले. चिन्ह कापडाचे असले, तरी त्यामागे धन्याचे संरक्षण उभे असे. भय होते ते त्याचेच.

जो बॅज सरदाराच्या माणसास बळ देई, तोच पुढे निर्धनास खाली मान घालावयास लावू लागला. १६९७ च्या कायद्याने, सार्वजनिक मदत घेणाऱ्या प्रत्येक गरिबाने व त्याच्या कुटुंबीयांनी उजव्या बाहीवर खांद्यापाशी लाल वा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर व आपल्या पॅरिशचे आद्याक्षर लावावे, असे ठरविले. नकार देणाऱ्याची मदत कमी वा बंद करता येई, किंवा त्यास सुधारगृहात धाडून फटके व सक्तमजुरी देता येई. ही तरतूद १८१० साली रद्द झाली. येथेही बॅजचा अर्थ बदललेला नव्हता. हा मनुष्य कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर ‘पॅरिशचा’ असे झाले होते, इतकेच.

महाराष्ट्रातील कचेऱ्यांतही या प्रथेचे प्रतिबिंब दिसते. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात पट्टा व पितळी बिल्ला धारण करणाऱ्या कचेरीच्या निरोप्यास मुंबईकडे ‘पट्टेवाला’ म्हणतात, अशी नोंद आहे. बंगालकडील त्याचे नाव ‘चपराशी’. येथे चिन्हावरूनच माणसाचे नाव पडले. बिल्ला कचेरीचा, आणि माणूसही कचेरीचा.

अर्थाच्या दृष्टीने बॅजला अधिक जवळचा शब्द मात्र ‘लांछन’ हा होय. बदामीच्या चालुक्यांचे वराहलांछन हे राजवैभवाचे चिन्ह होते. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती वृषभ, सिंह इत्यादी लांछनांवरूनच ओळखल्या जातात. व्यवहारातील मराठीत मात्र या शब्दाचा ‘कलंक’ हाच अर्थ उरला. बॅज या शब्दात सन्मान व कलंक हे दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात. शौर्याचाही बॅज असतो आणि दास्याचाही. म्हणून इंग्रजी लेखनात हा शब्द आला असता त्याचा एकच ठरावीक प्रतिशब्द योजणे सुरक्षित नाही. चिन्ह कोणी दिले, आणि ते घेण्यावाचून धारण करणाऱ्यास गत्यंतर होते काय, हे पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा लागतो.