आय रजिस्टर परत मिळालं, त्याची गोष्ट

या स्मरणिकेत आपल्या पहिल्या सभासदांची यादी छापली आहे. कागदी आय रजिस्टरची सुरुवातीची पानं २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या कपाटातच भिजून गेली होती. यादी मिळाली ती एका सभासदाच्या घरच्या जुन्या संगणकातून. आणि तो संगणक सोसायटीच्या ऑफिसातल्या नेटवर्कला जोडता आला, म्हणून. हे कसं जमलं ते लिहा, असं समितीने सांगितलं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट तयार करायला घेतलं. गरज साधीच होती : अनेक संगणकांना एकच प्रिंटर वापरता यावा. १९८३ मध्ये त्याचे नियम सर्वांसाठी प्रमाण म्हणून ठरले. तिथून ते एका कंपनीच्या मालकीचं राहिलं नाही. नियम पाळा आणि जोडून घ्या, मग कार्ड कोणत्याही कंपनीचं असो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नेटवर्क पहिल्यांदा पाहिलं ते रोह्याला, धाटाव एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या ऑफिसांत. मीही त्यातलाच. पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असा एसटीचा रोजचा प्रवास. नव्वदच्या दशकात आमच्या हिशेब खात्यात टीव्हीच्या केबलसारखी काळी केबल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवलेली असे. प्रत्येक संगणकामागे इंग्रजी ‘टी’ आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटरची टोपी. एका पट्ट्यात जास्तीत जास्त १८५ मीटर केबल आणि ३० यंत्रं. झाडू मारताना कुणाचा जोड निसटला, की सगळं खातं बंद! पुढे हब आले, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वायर मिळाली आणि एकाच्या वायरीपायी सगळ्यांचा खोळंबा थांबला.

वायर बदलली, वेग वाढला, पण मूळ नियम सांभाळले गेले. रोह्याच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. १९८६ साली रेल्वे रोह्याला पोचली, तिथून पुढे कोकण रेल्वे. दोन वेगळ्या संस्था, पण रूळांमधलं अंतर एकच, १६७६ मिलिमीटर. म्हणून डबा जुना असो की नवा, गाडी रोह्याला न बदलता पुढे जाते.

आता आपल्या संगणकाकडे. यंत्र विंडोज ९८ चं. सीडी ड्राइव्ह बंद, फ्लॉपी वाचायला ऑफिसात काही नाही, आणि वेगळा ड्रायव्हर घातल्याशिवाय विंडोज ९८ पेनड्राइव्ह ओळखत नाही. हार्ड डिस्क काढून जोडायची, तर तिचा अडॅप्टर पेणच्या दुकानांत लगेच मिळेना. मागे मात्र नेटवर्क कार्डाचं भोक होतं. तेच कामी आलं. नव्या स्विचने जुन्या कार्डाचा वेग आपणहून ओळखला. मग संगणकाला ऑफिसच्या नेटवर्कमधला मोकळा क्रमांक दिला, म्हणजे विंगमधला रिकामा फ्लॅट नंबर देतात तसा. दोन्ही यंत्रं एकमेकांना दिसू लागली.

पण फाइल काही येईना. विंडोज ९८ ज्या जुन्या पद्धतीने फाइल-वाटप करतं, ती सुरक्षित नाही म्हणून २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये मुळात बंदच असते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला होता, तोही याच पद्धतीतल्या उणिवेतून. आपल्या ऑफिसच्या संगणकावर सभासदांचे हिशेब आहेत. तिथे हे दार उघडायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी इंटरनेटची वायर काढून ठेवली, ऑफिसच्या संगणकावर तासाभरापुरती एफटीपीची सोय केली आणि विंडोज ९८ मध्ये असलेल्या एफटीपीच्या आज्ञेने फाइली पाठवल्या. काम झाल्यावर जुना संगणक पुन्हा वेगळा केला.

फाइल उघडली तर रोमन अक्षरांची नुसती गिचमिड! त्या काळी मराठी फॉन्ट बनवणारा प्रत्येक जण अक्षरांना आपापले क्रमांक देत असे. सर्वांसाठी एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण विंडोजमध्ये तिची पक्की सोय विंडोज २००० पासून झाली. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागला आणि रफार, जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. मग एकेक नाव दिसू लागलं. त्यातली काही माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांचा भाग क्रमांक आणि सभासदत्वाची तारीख पुन्हा नोंदीत आली. वारसांच्या हस्तांतरणाच्या वेळी या नोंदी किती लागतात, हे सेक्रेटरींना विचारा.

म्हणून विनंती एवढीच, की घरातला जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यात सोसायटीचं काही आहे का ते पाहा. असेल तर ऑफिसात सांगा. वायर आपण जोडू. यादीच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक कागदावर, वरच्या मजल्यावर.