खापर अनवाणी पायांवर

1950 साली फुटबॉलच्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती, तरी आपला संघ ब्राझीलला गेला नाही. का गेला नाही, याचं उत्तर आमच्या बोईसरच्या चाळीतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होतं. आपले लोक अनवाणी खेळायचे, फिफा म्हणाली बूट घाला, आपण म्हणालो नाही घालणार. हे उत्तर बंगाली काकांनी दिलेलं होतं, आणि फुटबॉलच्या बाबतीत काकांच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

काका मूळचे हावड्याचे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसी वाढली आणि बोईसरला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली. आमच्या एका चाळीत हावड्याचे काका, केरळचे चेट्टन, गोव्याचे अंकल आणि आम्ही केळव्याकडचे वाडवळ शेजारी शेजारी राहत होतो. क्रिकेट सगळ्यांचंच होतं. पण पाऊस सुरू झाला, मागच्या मोकळ्या जागेत चिखल झाला, की फुटबॉल निघायचा. मी मुलगी, त्यामुळे आधी माझ्याकडे चपला सांभाळायचं काम असे. पुढे गोलकीपर कमी पडला की मलाच उभं करू लागले आणि मग मी तिथून हललेच नाही. खेळ संपला की ओट्यावर या तिघांची मैफल बसायची. कुणाची थर्ड शिफ्ट असेल तर तो डबा शेजारी ठेवूनच बसे.

काका बोलता बोलता पाय मांडीवर घेत आणि अंगठ्याचं वाकडं नख दाखवत. लहानपणी अनवाणी खेळताना दगडाला ठेच लागून ते जे तुटलं, ते परत सरळ आलंच नाही. त्या नखाचा त्यांना अभिमान होता. मोहन बागानने 29 जुलै 1911 ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला 2-1 हरवून शील्ड जिंकली, ती अनवाणी पायांनी, हे ते असं सांगत की जणू सामना काल झाला. अकरा जणांत बूट घातलेला एकटा सुधीर चटर्जी, हेही न चुकता. मग येई 1948 चं लंडन ऑलिम्पिक. 31 जुलैला फ्रान्सशी सामना, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, सारंगपाणी रामनचा गोल, दोन पेनल्टी वाया आणि शेवटी 2-1 अशी हार. 'दोन पेनल्टी!' म्हणताना काका दोन बोटं वर करत आणि काही वेळ ती तशीच ठेवत.

अशा माणसाने 1950 ची गोष्ट अनवाणी पायांवर आणून संपवली, यात नवल नव्हतं. ती गोष्ट ऐकायला छान वाटते. तिच्यात आपण गरीब आहोत, ताठ आहोत आणि दोष परक्याच्या नियमाचा आहे.

पण घडलं होतं निराळंच. पात्रता गटातले बाकीचे आशियाई देश मागे हटले, म्हणून एकही सामना न खेळता भारताला प्रवेश मिळाला. गट ठरला: इटली, स्वीडन, पॅराग्वे आणि भारत. यजमान ब्राझीलने आपल्या प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी दाखवली होती. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नकार कळवला. सरावाला वेळ नाही, संघनिवडीवर एकमत नाही, बोटीचा प्रवास लांबचा, अशी कारणं पुढे आली. खरं कारण त्या काळचे कर्णधार शैलेन मान्ना यांनी पुढे मुलाखतींमधून सांगितलं. विश्वचषक म्हणजे काय चीज आहे याचा इथे कुणाला अंदाजच नव्हता. सगळ्यांच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होतं. बुटांचा संबंध नव्हता. शिवाय साधी गोष्ट आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला आपले कितीतरी खेळाडू अनवाणीच उतरले होते. थंडीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला आणि त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. बूट नाहीत म्हणून 1950 ला दार बंद झालं असतं, तर दोनच वर्षांनी ते उघडं कसं होतं?

हे सगळं वाचनात आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. काका निवृत्त होऊन बोईसरमधल्याच चित्रालयच्या बाजूला राहायला गेले होते. त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मान्नादा बोलले असतील तर खरंच असणार. मग त्या साहेबांची नावं आम्हाला कुणी का नाही सांगितली गं? आम्ही उगाच पायांना दोष देत बसलो.'

माझे बाबा कारखान्यात फोरमन होते. ते शेजारीच बसले होते. म्हणाले, 'मशीन बंद पडलं की आधी ऑपरेटरला बोलावतात, मेंटेनन्सचे पैसे कुणी कापले ते कुणी विचारत नाही.' जगातल्या फुटबॉलच्या भानगडी मी पुढे बऱ्याच वाचल्या, पण त्या बघायची नजर मला बाबांच्या या वाक्याने दिली.

मैदानावरच्या भानगडींचा आमच्या ओट्यावर तोटा नव्हता. त्यांचे मालक चेट्टन. 1986 च्या जूनमधली ती रात्र मला आठवते. मेक्सिकोत भर दुपार, आपल्याकडे साडेअकरा वाजून गेलेले आणि दूरदर्शनवर अर्जेंटिना-इंग्लंड. चाळीतला एकुलता एक रंगीत टीव्ही खिडकीत आणून ठेवलेला. मॅराडोनाने हाताने गोल केला, ट्युनिशियाच्या पंचांनी तो दिला आणि चाळीत दोन तट पडले. चेट्टन म्हणाले, चोरी ती चोरी. चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने अर्ध्या मैदानापासून इंग्लंडचे खेळाडू मागे टाकत दुसरा गोल केला आणि चेट्टनच सगळ्यांत मोठ्याने ओरडले. पण त्यांच्या मनातली खरी सल स्पेनमधल्या हिहोनची. 1982 च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 हरवलं होतं. अल्जीरियाचा शेवटचा सामना 24 जूनला झाला. जर्मनी-ऑस्ट्रिया दुसऱ्या दिवशी. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे आणि अल्जीरिया घरी, हे हिशेब करून दोघांनाही कळलेलं. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. प्रेक्षकांतल्या अल्जीरियन लोकांनी नोटा फडकावल्या. 'रेफरी काय करणार? नियम कुठे मोडला?' चेट्टन विचारायचे. बरोबर होतं ते. दोष वेळापत्रकाचा, म्हणजे ते आखणाऱ्यांचा होता. फिफाने निकाल तसाच ठेवला. फक्त पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी लावले जाऊ लागले. अल्जीरियाला त्याचा काय उपयोग?

गोव्याचे अंकल मात्र जगाच्या भानगडींत रमत नसत. त्यांची एकच गोष्ट होती, जकार्ताची. ती त्यांना जवळची वाटायची, कारण त्या संघातला फोर्तुनातो फ्रँको हा गोव्याचा, मुंबईत वाढलेला आणि टाटांकडून खेळणारा. अंकलनी त्याला कूपरेजवर खेळताना पाहिलं होतं.

1962 च्या आशियाई खेळांसाठी इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिले नाहीत. आशियाई खेळांची मूळ कल्पना ज्यांची, ते भारताचे गुरुदत्त सोंधी उठले आणि म्हणाले, सभासद देशांना वगळत असाल तर या स्पर्धेला आशियाई खेळ हे नाव लावता येणार नाही. तत्त्व म्हणून सोंधींचं चुकलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण आगडोंब उसळला. जमावाने भारताच्या वकिलातीवर हल्ला केला. आणि त्याच शहरात चुनी गोस्वामींच्या संघाला 4 सप्टेंबरला अंतिम सामना खेळायचा होता. अंकल सांगत, बसवरचा झेंडा काढला होता, सरदार जर्नैल सिंगला पगडी दिसू नये म्हणून सीटखाली बसवून नेत. त्या जर्नैलच्या डोक्याला आधीच्या सामन्यात सहा टाके पडलेले. खरा तो बचावपटू. पण प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला आणलं. लाखभर लोक हुर्यो उडवत होते. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी गटात आपल्याला 2-0 हरवलेलं. पी. के. बॅनर्जींनी गोल केला, मग जर्नैलने टाके पडलेल्या डोक्याची पर्वा न करता दुसरा केला आणि 2-1 असा सामना जिंकून भारत आशियाचा विजेता झाला. त्या गर्दीत आपल्याला टाळ्या वाजवत होता पाकिस्तानचा हॉकी संघ. एवढं सांगून अंकल क्षणभर थांबत आणि विचारत, 'भांडण कुणाचं, आणि दगड कुणाच्या बसवर?'

हे तिघेही गेले आता. त्यांच्यानंतरची भानगड मला सांगावी लागते, आणि ती आमच्याच महाराष्ट्रात घडली.

2022 च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक भारतात होता: नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं फुटबॉल एरिना आणि पुण्याचं बालेवाडी. याच स्पर्धेतून पुढच्या वर्षीच्या महिला विश्वचषकाचा रस्ता जात होता, आणि घरच्या मैदानावर इतकी जवळची संधी आपल्या मुलींना कधी मिळाली नव्हती. 20 जानेवारीला आशालता देवीच्या संघाने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. 23 तारखेला चिनी तैपेईशी सामना होता. माझी भाची पालघरला शाळेच्या संघातून खेळते. ती संध्याकाळी लवकर जेवून टीव्हीसमोर बसली होती. सामना लागलाच नाही. संघातल्या डझनभर मुलींना करोना झाला होता आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या राहत नव्हत्या. सामना पुढे ढकलला गेला नाही. यजमान भारतानेच स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणशी झालेली बरोबरीसुद्धा पुसली गेली. मुली हॉटेलातल्या बंदोबस्तातच होत्या, बाहेर फिरत नव्हत्या. प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी तो बंदोबस्त सांभाळणाऱ्यांना उघड जबाबदार धरलं. आशियाई महासंघाने ते मान्य केलं नाही. 6 फेब्रुवारीला त्याच डी. वाय. पाटीलवर चीनने दक्षिण कोरियाला 3-2 हरवून चषक उचलला.

भाचीने विचारलं, 'मावशी, म्हणजे त्या हरल्या का?' तिला काय सांगणार? कागदावर 'माघार' हा शब्द लागला होता आणि माघार कुणी घेतलेली नव्हती.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला, स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्याच दिवशी, फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत 2020 च्या डिसेंबरात संपली होती, निवडणूक झालेली नव्हती. घटनेचा खटला न्यायालयात आहे, हे महासंघाचं कारण. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून प्रशासकांची समिती नेमली. फिफाने त्याला बाहेरचा हस्तक्षेप म्हटलं. समिती बरखास्त झाल्यावर 26 ऑगस्टला निलंबन उठलं आणि ऑक्टोबरमध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याची अंतिम लढतही डी. वाय. पाटीललाच. त्यामुळे लोक म्हणाले, निभावलं. सगळ्यांचं निभावलं नाही. केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोहोचल्या होत्या. विमानातून उतरल्यावर त्यांना कळलं की आपल्या देशाचा महासंघ निलंबित आहे आणि आपल्याला खेळता येणार नाही. त्या तशाच परतल्या. भारतात आशियाई क्लब चषकासाठी पात्र ठरायला मुलींना अख्खा हंगाम जिंकावा लागतो, आणि तो त्यांनी जिंकलेला होता.

हाताने केलेला गोल जगाला वर्षानुवर्षं आठवतो, कारण तो दिसतो. त्याचा फोटो असतो, पंचाचं नाव असतं. बैठकीतल्या ठरावाचा फोटो नसतो. म्हणून 1950 ची गोष्ट सांगताना आमच्या प्रामाणिक काकांनाही बैठकीतली माणसं दिसली नाहीत, स्वतःचं वाकडं नख तेवढं दिसलं. आता कागद उघडे आहेत, नावं उघडी आहेत. तुमच्या घरात कुणी अजून ती अनवाणी पायांची गोष्ट सांगत असेल, तर त्याला थांबवा आणि नीट सांगायला लावा: संघाला जागा मिळाली होती, नकार महासंघाने दिला. आणि मुलांना 1950 सांगाल तेव्हा त्याच दमात 23 जानेवारी 2022 आणि ताश्कंदही सांगा. भारताचा मुख्य संघ, पुरुषांचा किंवा महिलांचा, विश्वचषकात आजवर एकही सामना खेळलेला नाही.