यूटोपिया आणि इंदापूरचे सरकारी मळे

संत थॉमस मोर यांनी 1516 साली ‘यूटोपिया’ या ग्रंथात एक कल्पित बेट रंगविले. तेथे जमीन कोणा एकाची नाही; नागरिक पाळीपाळीने दोन वर्षे खेड्यात राहून शेती करतात आणि पीक सर्वांच्या कोठारात जाते. असे राज्य पृथ्वीवर कोठे नव्हते. तथापि त्याची एक अपुरी सावली आपल्या इंदापूर तालुक्यावर पडली होती, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, कळंबच्या परिसरात, वालचंद हिराचंद यांनी ऊसमळे व साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. राज्यातील अशा खासगी कारखान्यांच्या मळ्यांत काही जमीन त्यांच्या मालकीची, तर काही शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. 1955 साली आवडी येथील अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याच विचारप्रवाहातून महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल मर्यादा कायदा 1961 साली संमत झाला व 26 जानेवारी 1962 पासून अमलात आला. कारखान्यांच्या मळ्यांची जमीन सरकारकडे आली. मात्र मळ्यांचे तुकडे झाले तर कारखान्यांना ऊस पुरणार नाही, या विचाराने ती सलगच ठेवण्यात आली. 1963 साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर व रत्नापुरी हे आपल्या तालुक्यातील मळे त्याच्याकडे गेले.

सातबाऱ्यावरचे नाव बदलले. पण पाटाला पाणी धरणाऱ्याचे आणि ऊस तोडणाऱ्याचे स्थान बदलले का? तो पूर्वी कंपनीचा मजूर होता, आता महामंडळाचा मजूर झाला. खंडाने जमीन देणाऱ्या शेतकऱ्यालाही, समाजवादाच्या नावाने, आपल्याच शिवाराला मुकावे लागले.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. जे कार्य लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, असे पोप अकरावे पायस यांनी 1931 साली सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या श्रमविषयक परिपत्रकात आणखी पुढचे पाऊल टाकले: उत्पादनाची साधने सरकारच्या मालकीची झाली, एवढ्याने ती समाजाची होत नाहीत, राबणाऱ्याला त्या कामात आपलेपणाचा वाटा लाभला पाहिजे.

पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि 2012 साली राज्यातील खंडकऱ्यांना व त्यांच्या वारसांना जमिनी परत देण्यास प्रारंभ झाला. कायदा अमलात आल्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती! जुन्या करारातील लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष हे योबेल वर्ष. त्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परतते. योगायोग असेल, पण तो बोलका आहे.

तरीही हा योबेल अपुराच म्हणावा लागेल. खंडकऱ्याकडे हक्क सांगण्यास कागद होता. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर राबलेल्या मजुराकडे केवळ हजेरीपटावरील नाव होते. निदान घरापुरती जागा मिळावी, एवढीच त्याची मागणी होती. समाजवादाची परीक्षा घोषणेत किंवा ठरावात होत नाही. ती या माणसाच्या दारात होते. आणि तेथे आपल्या ख्रिस्ती बंधुत्वाचीही परीक्षा होते, हे आपण विसरता कामा नये.